आत्याच्या नावाखालचं काळं वर्तुळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, सर्वेक्षण कचेरीतून निवृत्त झालेली, नकाशे कापडावर उतरवून काढणारी ट्रेसर, हे मृत्युपत्र आज माझ्या राहत्या घरी, स्वतःच्या हाताने, काळ्या शाईत लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही, तिचं ऑपरेशन परवा सोमवारी आहे. अशा कागदात ‘कोणाच्याही दबावाशिवाय’ असं लिहायची पद्धत असते. ते मी लिहिणार नाही, कारण दबाव आहे, आणि तो आज दुपारी बारा वाजता मोटारसायकलवरून येणार आहे. पण पुढे जे लिहिलंय ते त्याच्या मनासारखं नाही, यावरून काय ते समजावं.

१. पाच वर्षांपूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यात सगळं माझ्या भाच्याच्या नावाने होतं. हा माझ्या चुलतभावाचा मुलगा. बांधकामाची कंत्राटं घेतो, आणि या घराचा दुसरा निम्मा भाग त्याचा आहे. माणूस वाईट नाही. मला तपासणीला नेणं-आणणं त्यानेच केलं, माझ्या औषधांची चिठ्ठी त्याच्याच खिशात असते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून लोक त्याला राक्षस ठरवतील आणि मला देवमाणूस. दोन्ही खोटं आहे.

२. किरकोळ वस्तू आधी उरकते. माझी कंपासपेटी, तीन ड्रॉइंग पेनं आणि पितळी पट्टी तंत्रशाळेला द्यावी. काचेच्या कपाटात मांडायला नव्हे, वापरायला. ड्रॉइंगचं टेबल आणि उंच स्टूल कुलूपवाल्याला. तो सहा वर्षं माझ्या खिडकीखाली जमिनीवर बसून किल्ल्या घासतोय आणि त्याच्या पाठीचा पार बोऱ्या वाजलाय. लोखंडी शिडी शेजारच्या मास्तरीणबाईंकडे आहे. ती त्यांनाच राहू द्यावी. नऊ वर्षं मागून मी थकले. निदान मी गेल्यावर तरी ती कोणाची होती हे त्यांना आठवू दे. आमच्या हेड ड्राफ्ट्समनला काहीही नाही. तीस वर्षं माझ्या हातच्या नकाशांच्या कोपऱ्यात त्याने स्वतःची सही ठोकली. तो वारला असं ऐकते, तरीही काही नाही.

३. बँकेत जे काय असेल ते स्वयंपाकाच्या बाईंना. त्यांनी माझी जीभ अकरा वर्षं सोसली. मी त्यांच्या हातचं मीठ सोसलं, पण त्याची तक्रार मी रोजच्या रोज केलेली असल्याने इथे करत नाही.

४. आता घर. कोपऱ्यावरचं दुमजली, दारापुढे तीन पायऱ्या, खाली पुढची खोली, जिना, आणि दाराच्या बरोब्बर वर माझी खोली, जिच्या खिडकीशी माझं टेबल असतं. घर आजोबांनी बांधलं. आपल्या पश्चात ते तीन सारख्या वाट्यांनी तिघा मुलांना जावं असं ते सगळ्यांसमोर सांगून गेले होते: माझे वडील, काका आणि माझी आत्या.

आत्याला मूल झालं नाही म्हणून तिच्या नवऱ्याने तिला परत पाठवलं. ती जिन्याखालच्या खोलीत राहायची, घरभराचं शिवणटिपण करायची. मला सरळ टाके घालायला तिनेच शिकवलं. सुईकडे बघू नको, जिथे पोचायचंय तिकडे बघ, असं सांगायची. पुढे कचेरीत माझी रेघ सगळ्यांत सरळ म्हणून जी वाहवा झाली, ती खरं तर तिची. काकांचं लग्न झालं तेव्हा काकूच्या सामानाला खोली हवी झाली. आत्याचं अंथरूण आधी पॅसेजमध्ये आलं, मग स्वयंपाकघरात. एके दिवशी ती पत्र्याची पेटी उचलून निघून गेली. मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर घरात तिचं नाव कोणी काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

५. हे कलम माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचावं.

आजोबा गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, नोकरीला लागून सहा महिने झाले होते. घर वारसांच्या नावावर करायला सरकारी कचेरीने वंशावळ मागितली. वडिलांनी घराण्याची जुनी वंशावळ माझ्यापुढे ठेवली आणि ट्रेसिंगच्या कापडावर शाईने स्वच्छ उतरवून दे म्हणाले. मला कोण अभिमान वाटला! आमच्या वंशावळीत प्रत्येक नाव चौकटीत असे आणि खाली मुलांच्या रेघा. ज्याला मूल नाही, त्याच्या नावाखाली बारीकसं वर्तुळ. ते माणूस जिवंत असेपर्यंत वर्तुळ रिकामं ठेवायचं. गेलं की काळं भरून टाकायचं, म्हणजे ती शाखा संपली.

मूळ कागदावर आत्याचं वर्तुळ रिकामं होतं. मी सगळं उतरवत शेवटच्या ओळीला आले आणि पेनातून शाईचा थेंब निसटून नेमका त्या वर्तुळाच्या काठावर पडला. कागदावरची शाई ब्लेडने खरवडता येते. ट्रेसिंगच्या कापडावर खरवडलं की तिथली चकाकी जाते, आणि साहेब अख्खा नकाशा परत करतात. त्यामुळे आम्हा ट्रेसर लोकांची एक युक्ती होती: डाग एखाद्या चिन्हाला लागून पडला तर ते चिन्हच भरीव करायचं, डाग त्यात जिरवायचा. विहिरीचं चिन्ह, झाडाचं चिन्ह, असं आम्ही सर्रास करायचो. माझ्या हाताने मी विचार करायच्या आत ते करून टाकलं.

काळ्या वर्तुळाचा अर्थ मला माहीत होता. नवीन कापड घेऊन परत काढते, असं मी वडिलांना म्हणाले. मनापासून म्हणाले की नुसतं म्हणायचं म्हणून, ते आता आठवत नाही. त्यांनी कापड उजेडाकडे धरलं. त्या जागी त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “स्वच्छ दिसतंय.”

खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं शपथेवर लिहून त्यांनी ते दुसऱ्या दिवशी कचेरीत दिलं. घर दोन भावांच्या नावावर झालं. मला बक्षीस म्हणून नवं पेन मिळालं, आणि मी ते वापरलं.

६. गेल्या वर्षी भाच्याने हे घर पाडून मोठी इमारत बांधायचं ठरवलं. त्यात जागा घेणाऱ्या एका गिऱ्हाईकाच्या वकिलाने जुने कागद चाळले आणि वंशावळीतली ही बाई कधी वारली त्याचा दाखला मागितला. भाचा मला म्हणाला, आत्या, तुला कागदपत्रांची सवय आहे, तेवढा शोधून आण. म्हणजे या कामाला मला त्यानेच जुंपलं. बिचाऱ्याला काय माहीत!

मृत्युनोंदणीच्या कार्यालयात मी आत्या घर सोडून गेली त्या वर्षापासून सुरुवात केली आणि वंशावळ काढली त्या वर्षापर्यंत पान न् पान पाहिलं. ती कुठेच नव्हती. तिथे थांबता आलं असतं. नोंद राहून गेली असेल म्हणून हात झटकता आले असते, भाच्यालाही तेच हवं होतं. पण वर्तुळ मी भरलं होतं. मी पुढची वर्षं मागवायला लागले. रोज एक-दोन जाड बाडं. तिथला कारकून वैतागून म्हणाला, बाई, मेलेलं माणूस कुठे पळून जात नाही, उद्या या. मी रोजच जात होते. बाविसाव्या दिवशी ती सापडली.

मी तिला मारलं त्यानंतर तेवीस वर्षांनी ती वारली होती. वय बहात्तर. धंदा: रुग्णालयात रफूकाम. खबर देणाराचं नातं: मुलगी.

मी ते तीनदा वाचलं. मूल नाही म्हणून जिला नवऱ्याने टाकलं, जिच्या नावाखाली आम्ही वर्तुळ काढलं, तिची मुलगी! मी तिथल्या बाकावर बसले. कारकुनाने पाणी आणून दिलं, हे त्याच्या बाजूने नमूद करते.

भाच्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, “आत्या, ती शेवटी गेलीच ना? आधी गेली काय, नंतर गेली काय.”

आठवड्याने त्याने एक टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र आणलं. माझी आत्या माझ्या आजोबांच्या आधीच निपुत्रिक वारली हे मला स्वतःला ठाऊक आहे, अशी शपथ. त्या काळाची साक्ष देऊ शकेल असं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून ती सही माझीच हवी. बघते, म्हणाले. त्याने ते होकार धरलं आणि मी धरू दिलं. दोन महिने तो कागद माझ्या टेबलावर आहे. आज बारा वाजता तो न्यायला येणार, कारण सोमवारनंतर माझा भरवसा नाही. मी सही न करता, तोंड न उघडता ऑपरेशनच्या टेबलावर गेले, तरी त्याचं काही अडणार नाही. जुन्या मृत्युपत्राने माझा भाग त्याचाच होईल आणि आत्याबद्दल उलट बोलायला कोणी नसेल. हा हिशेब तो करतो असं मी म्हणत नाही. मी केला.

७. रुग्णालयाच्या कपडे धुण्याच्या विभागात एक म्हातारे मुकादम अजून येऊन बसतात. आत्याच्या नावाने त्यांना काही उलगडेना. रफूकाम म्हटल्यावर चेहरा उजळला. रफूबाई! बावीस वर्षं ती चादरींच्या ढिगाऱ्यामागे खिडकीशी बसायची. तिने रफू केलेली चादर ओळखायची तर उजेडात धरूनच. नवीन मुलींचं काम आवडलं नाही तर तोंडाने काही न बोलता सगळं उसवून ठेवायची. हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच रडूही. ही खोड माझीही आहे.

ती सायकलच्या दुकानावरच्या खोलीत वॉर्डातल्या एका आयाबरोबर राहायची. ती आया तापाने गेली, मागे दोन वर्षांची मुलगी. आत्याने ती ठेवून घेतली. कागद कसला केला नाही. कागदांचा तिचा अनुभव काही चांगला नव्हता.

ती मुलगी आता साठीची आहे. त्याच जागी, सायकलचं दुकान गेलं तिथे, शिलाई मशीनं दुरुस्त करते. मी माझं चालू मशीन घेऊन गेले आणि बंद पडतं म्हणून सांगितलं. तिने झाकण काढलं, तेल दिलं, आणि काम करता करता बोलत राहिली. आईबद्दल मीच विचारलं. ती म्हणाली, आई एकदा तिच्या माहेरच्या घरी घेऊन गेली होती, मी नऊ वर्षांची होते. दारात एक गृहस्थ आले, आई त्यांना दादा म्हणाली. त्यांनी आत घेतलं नाही. कागदावर तू नाहीस, ते म्हणाले, आता आहे म्हणालीस तर खोटी तूच ठरशील. मग दार लागलं. आई पायरीवरच बसली. मुलीने वर पाहिलं. खिडकीत एक बाई उभी होती, हातात पेन होतं. तिने खाली पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

ती खिडकी मी लावली. वारा होता, शाई ओली होती, कापड उडत होतं, हे सगळं खरं आहे. खाली कोण बसलंय ते ओळखलं नाही, असं मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत आले. ओळखलं होतं. मान खाली घालून बसायची तिची तऱ्हा मी आंधळी झाले असते तरी ओळखली असती. खाली जायला बारा पायऱ्या होत्या. वडील जिन्याच्या तोंडाशी उभे होते आणि मी भ्यायले.

त्या दिवशी मशीनवालीला मी काहीच सांगितलं नाही. पण परत गेले, परत परत गेले. जायला निमित्त हवं म्हणून घरी मशीनचा स्क्रू मीच सैल करायची. चौथ्या खेपेला ती म्हणाली, बाई, हा स्क्रू आपोआप सैल होत नाही. मी म्हटलं, माझ्याकडचं सगळंच आता सैल झालंय. ती हसली आणि चहा मागवला.

८. सबब, या घराचा माझ्या नावावरचा संपूर्ण निम्मा भाग, वरच्या खोलीसह, मी माझ्या आत्याने वाढवलेल्या मुलीला, शिलाई मशीनं दुरुस्त करणारीला, देत आहे. कायद्याने ती वारस नाही हे मला कळतं. म्हणूनच हा कागद. आत्याचा वाटा भाच्याच्या निम्म्यातही आहे. तो मी देऊ शकत नाही, तो त्याच्या मनावर. टेबलावरच्या प्रतिज्ञापत्रावर मी सही केलेली नाही, करणार नाही. हे मृत्युपत्र बंद पाकिटात गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात राहावं आणि माझ्या मृत्यूनंतर उघडावं.

९. हे कलम लिहायचं ठरलं नव्हतं. आठवं लिहून झालं तेव्हा दहा वाजले होते. साक्षीदार आले की सही करून पाकीट चिकटवायचं, बारा वाजता भाच्याला आज हात थरथरतोय म्हणून सांगायचं, आणि सोमवारी सुटायचं, असा माझा बेत होता. तेवढ्यात मशीनवाली मशीन पोचवायला आली. पत्ता मीच दिला होता. का दिला, कोण जाणे, स्क्रूसारखंच ते.

तिने दारापुढे मशीन खाली ठेवलं आणि तिथेच थबकली. तिने घर ओळखलं. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. पण बोलले, वर्तुळापासून खिडकीपर्यंत सगळं. कुठे थांबले नाही, थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. कोणती खिडकी, एवढंच विचारलं. मी वर बोट केलं. ती वर गेली, मला खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी खाली खुर्चीला धरून बसले होते. छाती अशी ठोकत होती की सोमवारपर्यंत वाट बघायची नाही असं तिने ठरवलंय की काय, असं वाटलं.

खाली आल्यावर मी तिला हा कागद वाचायला दिला. तिने उभ्याउभ्या पुरा वाचला आणि आठव्या कलमावर बोट ठेवलं.

“मेल्यावर खरं बोलायला काय लागतं, बाई?” ती म्हणाली. “घराचं नंतर बघू. माझ्या आईला जिवंतपणी मारलंत. तुम्ही जिवंत आहात तोवर बोला. त्यांच्या तोंडावर बोला, मी इथे बसलेली असताना.”

ती बरोबर बोलली. इतक्या मेहनतीने मी जो प्रामाणिक कागद लिहीत होते, तोही शेवटी पाकिटात घालून, माझी पाठ वळल्यावर, दुसऱ्याच्या हातून उघडायचा होता. खिडकी लावायचीच ती एक रीत.

१०. म्हणून आठव्या कलमातलं शेवटचं वाक्य मी रद्द करते. पाकीट नाही. हा कागद आजच, या पुढच्या खोलीत, भाच्यासमोर, मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे, पाचवं आणि सातवं कलम धरून. मध्ये तो उठून गेला तर तो आहे असं समजून पुढे वाचीन.

त्याच्या टाईप केलेल्या प्रतिज्ञापत्राच्या पाठीमागे मी माझ्या हाताने खरं प्रतिज्ञापत्र लिहिलं आहे: वंशावळ कचेरीत दिली तेव्हा माझी आत्या जिवंत होती, दोन वर्षांनी ती या दारात आलेली मी डोळ्यांनी पाहिली, आणि वर्तुळ मी भरलं. सोमवारी सकाळी ते शपथेवर द्यायला मी आधी नोंदणी कार्यालयात जाणार, ऑपरेशन त्यानंतर. डॉक्टरीणबाई ओरडल्या. त्यांना म्हटलं, ओरडा, पण साक्षीदार म्हणून नीट बसा. दुपारची वेळ मिळवून देते म्हणाल्या, पण मशीनवालीने मला कार्यालयात हाताला धरून न्यायचं, या अटीवर. तिने मान डोलावली. माझ्याकडे बघून नव्हे, डॉक्टरीणबाईंकडे बघून. तेही मी मान्य करते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टरीणबाईंनी करावी. मशीनवालीला यात लाभ असल्याने ती साक्षीदार नाही. ती खोलीत माझ्या उजव्या हाताला बसलेली आहे. बाहेर मोटारसायकल थांबली. भीती वाटते आहे, हे लिहून ठेवायला हरकत नाही. काय वाट्टेल ते होवो, आज मी जिना चढून वर पळणार नाही. दोन्ही साक्षीदारांसमक्ष, त्यांनी पाहत असताना, मी खाली सही करते.

भाचा दारात आला आहे. “झाली का सही, आत्या?” असं विचारतो आहे.

झाली.

(सही)
मृत्युपत्र करणारी, निवृत्त ट्रेसर

आम्ही खाली सही करणारे दोघे शपथपूर्वक सांगतो की बाईंनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीवर असताना केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार पहिली: (सही) डॉक्टरीणबाई, गल्लीच्या तोंडाचा दवाखाना

साक्षीदार दुसरा: (सही) कुलूपवाला. बाईंनी टेबल दिलं ते आत्ताच कळलं, आधी माहीत असतं तर सही केली नसती. डॉक्टरीणबाई म्हणतात की साक्षीदाराला काही घेता येत नाही. चालेल, टेबल नको. सही राहू द्या.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली

तारीख: ८ फेब्रुवारी २०२५, शनिवार, दुपारी बाराला दोन मिनिटं कमी